पोच घेतल्याबिगर पायरी उतरायची नाही

मी एसटीत कंडक्टर. नेरच्या डेपोत सव्वीस वर्षं झाली, अन् सव्वीस वर्षांत माझा आवाज असा फाटला की घरात मीठ मागितलं तरी बायको म्हणते, "वरडता कायले?" सुट्ट्या पैशावरून भांडण, मागं सरका म्हणून भांडण, बोकड घेऊन चढणाऱ्याशी भांडण. घराण्यात जेवढा राग होता तेवढा सगळा माझ्याच वाट्याला आला. माझ्या आत्याच्या वाट्याला रत्तीभर आला नाही. तिच्या वाट्याला काय आलं, तेच सांगायला बसलो आहे.

आत्या म्हणजे माझ्या बापाची मोठी बहीण. घाटंजीपासून आठ-दहा किलोमीटरवर तिचं गाव. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. एक खोली, पुढं पडवी, पडवीत चूल, अन् अंगणात शेवग्याचं झाड, त्याच्या शेंगा ती गावभर वाटते. निराधार योजनेचे महिन्याला दीड हजार येतात, त्यात तिचं चालतं. कसं चालतं ते मला विचारू नका, माझ्या घरी दीड हजार आठवडाभर पुरत नाहीत. पण तिचं चालतं, अन् वरून मी गेलो की माझ्या पोरीसाठी पन्नासाची नोट माझ्या खिशात कोंबते. "निराधार मी कागदावर हाये बाबू," ती म्हणते, "घरात नाही."

मी अन् माझी बायको कितीक वर्षांपासून तिच्या मागं लागलेलो, की आता बस झालं, चल नेरला. ती येते, चार दिवस राहते, पाचव्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन दारात उभी. "जातो मी." आमच्या भागात बायाही येतो-जातोच म्हणतात.

"काहून व आत्या? काय कमी पडलं?"

"कमी काहीच नाही पडलं. पण तुह्या घरी किती पोळ्या खायच्या ते मले तुह्या बायकोच्या तोंडाकडं पाहून ठरवा लागते. माह्या घरी मी भुकेकडं पाहून ठरवतो."

माझी बायको दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता एकटीच हसली अन् म्हणाली, "बोलली पण खरं म्हातारी."

आता आत्याची थैली. कपाशीच्या बियाण्याची रिकामी प्लास्टिकची थैली, तोंड सुतळीनं बांधलेलं. लोकांच्या पेटीत तळाशी दागिने असतात, हिच्या पेटीत ही थैली. तिच्यात चाळीस वर्षांच्या पोचा आहेत. पोच म्हणजे काय, तर अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एक साहेबाला द्यायची अन् दुसरीवर मिळाल्याची सही, शिक्का, तारीख घेऊन ती आपल्यापाशी ठेवायची. मीटरसाठी केलेल्या अर्जाची पोच, रेशनकार्डातून नाव उडालं त्याची पोच, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याची पोच. कामं केव्हाचीच झाली, पोचा अजून आहेत.

ही सवय माझ्या आज्याची. आजा मजूर माणूस, छप्पन साली दीक्षा घेतली अन् घरी आल्याबरोबर पाटी घेतली. शाळेच्या मास्तरापाशी बसून तो मोठ्या वयात अक्षर शिकला, अन् मग वस्तीचे सगळे अर्ज तोच लिहायचा. विहिरीसाठी अर्ज, रस्त्यासाठी अर्ज, शाळेत मास्तर येत नाही म्हणून अर्ज. पोरांना पाढे येवोत न येवोत, तीन गोष्टी त्यानं सगळ्यांकडून घोकून घेतल्या होत्या. अर्जात रडायचं नाही. अर्जात खोटं लिहायचं नाही. अन् पोच घेतल्याबिगर पायरी उतरायची नाही. माझ्या बापानं त्या घोकल्या अन् विसरला, मी तर घोकल्याही नाहीत. आत्या चौथी शिकली, पण त्या तिन्ही गोष्टी तिनं अशा धरल्या की सुटल्याच नाहीत.

आता माझा पराक्रम ऐका.

दहा-बारा वर्षांआधी माझा पगार वाढला, त्या साली अंगात नुसती हवा भरली होती. आत्याचं गावाजवळच्या बँकेत झिरो बॅलन्सचं खातं होतं. मला ते बरं वाटेना. कंडक्टरची आत्या अन् झिरोचं खातं? मी तिला घाटंजीच्या एका मोठ्या बँकेत नेलं, पाचशे रुपये भरले अन् चेकबुक, एटीएम कार्ड असं सगळं असलेलं खातं उघडून दिलं. फॉर्मवर मोबाइल नंबर माझा लिहिला, कारण तिच्याकडं फोन नव्हता, आजही नाही. आत्यानं चेकबुक चाळून पाहिलं, "अक्षर चांगलं छापलं हाये," म्हणाली अन् थैलीत ठेवून दिलं. त्या खात्यात पुढं एक रुपया गेला नाही की एक रुपया निघाला नाही. निराधारचे पैसे तिच्या जुन्या झिरोच्या खात्यातच येत राहिले.

बँकेचे मेसेज मात्र माझ्या फोनवर येत. इंग्रजीत. मी न वाचता पुसून टाकी.

परवाच्या पोळ्याला गेलतो तर आत्या पाय धरून बसलेली. जुन्या बँकेत रांगेत तीन तास उभी होती. माझं डोकं सणकलं. म्हटलं, घाटंजीत आपलं मोठ्या बँकेचं खातं आहे, एटीएम आहे, अन् ही रांगेत मरते कायले? दुसऱ्या दिवशी तिचं आधार कार्ड घेतलं, एका फॉर्मवर तिची सही घेतली, कशाची ते नीट सांगितलंही नाही, अन् आधार त्या मोठ्या खात्याला जोडून, मुदत संपलेलं कार्डही नवं करून आलो. आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं त्याच खात्यात सरकारचे पैसे पडतात, एवढं मला माहीत होतं. त्या खात्यानं इतक्या वर्षांत काय काय गिळलं अन् अजून काय गिळायला बसलं आहे, ते माहीत नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं माझं सगळंच.

तीन महिने निराधारचे पैसे आलेच नाहीत, वरूनच अडकले होते. दिवाळीच्या तोंडावर तिन्ही महिन्यांचे एकदम पडले, साडेचार हजार. आत्या बाजाराच्या दिवशी घाटंजीला गेली. शेजारणीनं एटीएममध्ये कार्ड घालून दिलं तर चिठ्ठीवर दोनशे बारा रुपये. आत्या तशीच बँकेत गेली.

काउंटरवर एक मुलगी बसते. ती म्हणाली, "आजी, खात्यात मिनिमम बॅलन्स नव्हतं. त्याचे चार्जेस, कार्डाचे चार्जेस, मेसेजचे चार्जेस साचले होते. पैसे आल्याबरोबर सिस्टिमनं वळते केले. ह्या तिमाहीचे अजून लागायचे आहेत, ते पुढच्या महिन्यात कापले जातील."

"मेसेज कोणता व बाई? माह्यापाशी तर फोनच नाही."

मुलीनं खात्यावरचा नंबर वाचून दाखवला. माझा.

संध्याकाळी शेजारणीच्या फोनवरून आत्याचा फोन. "बाबू, बँकेनं पैसे कापले म्हणते. येजो बरं. घाई नाही."

घाई नाही! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो मीच, राजेहो. दुसऱ्या दिवशी रजा टाकून सकाळच्या गाडीनं यवतमाळ, तिथून घाटंजी.

आत्या स्टँडवरच उभी होती, हातात थैली. रडणं नाही, कुरकुर नाही. म्हणाली, "हे पाह्य, दिवाळीचं मी करून घेतो. पण पुढच्या महिन्यातई कापले तर चूल बंद. मंग बोचकं बांधून तुह्या घरी या लागन." असं म्हणून तिनं थैलीची सुतळी पुन्हा घट्ट बांधली. तेवढ्यात मला कळलं की हे प्रकरण साडेचार हजारांचं नाही. पंचाहत्तरीला आलेली बाई आपल्या घरात राहणार की दुसऱ्याच्या, एवढंच ते होतं.

आधी तहसीलला गेलो. निराधारच्या टेबलावरची बाई आत्याला ओळखते. तिनं आम्हाला बसवलं अन् नीट समजावून सांगितलं. मी काही वकील नाही, तिनं सांगितलं ते असं, की मदतीचे पैसे अशा चार्जेसमध्ये वळते करू नका म्हणून सरकारनं बँकांना कळवलेलं आहे, नुसत्या मिनिमम बॅलन्सच्या दंडापायी खातं शून्याच्या खाली न्यायचं नसतं, अन् अर्ज केला तर साधं खातं झिरोचं करून मिळतं. "अर्ज करा आजी. अन् एक लिहाच. आधार भाच्यानं जोडलं, मला काही माहीत नव्हतं, असं स्पष्ट लिहा. खरंच आहे न ते? त्यानं तुमची बाजू भक्कम होते. तुम्हीच जोडलं म्हटलं तर ते म्हणतील, मग नियम वाचून जोडायचं होतं."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "लिही आत्या. खरंच हाये." तिनं तिथंच बाकावर बसून अर्ज लिहिला. एकेक अक्षर हरभऱ्याएवढं. दोन प्रती, दोन्ही हातानं लिहिलेल्या, कारण झेरॉक्सवर तिचा भरवसा नाही. मला तिनं वाचून दाखवला, भाच्याच्या त्या ओळीसकट. छान होता. रडणं कुठंच नव्हतं.

मग आम्ही बँकेत गेलो, अन् मी माती खाल्ली.

मॅनेजर पोरसवदा, बाहेरच्या राज्यातला, हिंदी बोलणारा. त्यानं अर्ज वरून खालून पाहिला अन् म्हणाला, "माताजी, ये सिस्टम से कटता है, हमारे हाथ में नहीं है." एवढंच म्हणाला तो, शांतपणे. माझ्या डोक्यात राख गेली. मी टेबलावर हात आपटला. म्हाताऱ्या बाईच्या ताटातली भाकर ओढता, लाज आहे का, अन् असंच पुढं पुष्कळ. गाडीत पासष्ट माणसांना ऐकू जाईल असा आवाज त्या चार भिंतींत सोडला. लोक वळून पाहायला लागले. गार्ड उठला. मॅनेजर म्हणाला, "आवाज नीचे रखिए." मी म्हटलं, "कायले? मी बी नोकरदार माणूस हाये, एसटीचा, नेर डेपो!"

"अच्छा? नेर डेपो?" त्यानं पेन उचललं. "नाम बताइए. मैं वहीं लिखकर भेजता हूँ."

माझ्या फाइलवर एका प्रवाशाची तक्रार आधीच होती. साहेबांनी बजावलं होतं, अजून एक आली की घरी बसशील. तीन वर्षं राहिली होती निवृत्तीला.

आत्यानं माझी बाही धरली, टेबलावरचा अर्ज उचलला अन् मला बाहेर आणलं. रागावली नाही. म्हणाली, "हे तुही गाडी नव्हे बाबू. येथं घंटी वाजवली म्हणून कोणी उतरत नाही. तू त्या चहाच्या टपरीवर बस. अन् मी बाहेर येईपर्यंत आत पाय टाकशीन तर पाह्य."

मी गेलो टपरीवर. ती मात्र लगेच आत गेली नाही. बाजूच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली, स्टुलावर बसली, पोराकडून पेन मागितला अन् दोन्ही प्रतींवर काहीतरी लिहीत बसली. मी लांबूनच ओरडलो, "काय लिहून राह्यली व?"

"तुले काय करा लागते? चहा पी."

मग ती आत गेली. बँकेला काचेचं दार, टपरीवरून सगळं दिसत होतं. मॅनेजरनं अर्ज घेतला, वाचला. मग मान वर करून एकदा बाहेर माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता लिहितो हा डेपोला. त्यानं अर्ज बाजूला ठेवला अन् आत्याला जा अशी खूण केली. आत्या गेली नाही. पुढचं मला काउंटरवरच्या त्या मुलीनं नंतर सांगितलं.

"माताजी, अर्जी छोड़ जाइए, देख लेंगे."

"पाहा न साहेब. सावकाश पाहा. मले फक्त मिळाला म्हणून शिक्का द्या."

"शिक्के की ज़रूरत नहीं है."

"तुम्हाले नाही साहेब. मले हाये."

अन् ती समोरच्या लोखंडी बाकावर जाऊन बसली. साडेअकरा वाजले होते. बारा वाजले, एक वाजला. मॅनेजर समोरून गेला की ती उठून उभी राही, तो गेला की बसे. बस, एवढंच. एक वाजता तिनं फडक्यातली भाकर काढली अन् मिरचीच्या ठेच्याशी खाल्ली, अर्धी भाकर काउंटरवरच्या मुलीला देऊ केली. मुलीनं चतकोर घेतली अन् ठेच्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गार्डनं आत्याला पाणी आणून दिलं. मी बाहेर सहा चहा प्यालो. मी असतो तर तेवढ्या वेळात चार भांडणं केली असती अन् चारही हरलो असतो.

साडेतीनला मॅनेजर उठला, ड्रॉवर उघडला अन् शिक्का मारला. आत्यानं कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला.

"साहेब, तारीख राह्यली."

मॅनेजर हसला म्हणे, अन् तारीख लिहून दिली. आत्या पायऱ्या उतरून आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं वगैरे काही नव्हतं. एक काम झालं, एवढंच. मी तेव्हाच तिच्या पायावर डोकं ठेवायला पाहिजे होतं, पण मी टपरीवाल्याशी सहाव्या चहाच्या पैशावरून वाद घालत होतो.

महिना गेला. उत्तर नाही. पुढचे दीड हजार आले अन् त्यातले राहिलेले चार्जेस कापून हजाराच्या आत काहीतरी उरले. मी विचारलं की आत्या म्हणे, "चालून राह्यलं." एका दिवशी तिच्या गावची एक बाई माझ्या गाडीत चढली अन् तिकीट घेता घेता बोलली, "तुमची आत्या कापूस वेचाले जाते न आता. ह्या वयात बाप्पा!" पंचाहत्तरीची बाई, पाय सुजणारी, ओटी बांधून कपाशीच्या ओळीत वाकून चालते, अन् कोणामुळं, तर माझ्यामुळं.

मग मी दुसरी चूक केली. ही पहिलीपेक्षा मोठी होती.

मी माझे साडेचार हजार काढले, तिच्या घरी गेलो अन् हातावर ठेवले. "घे आत्या, बँकेनं दिले परत."

तिनं नोटांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "माह्या खात्याचे पैसे तुह्या हाती कसे देले?"

"मी गेलतो न... साहेब म्हणाला, घेऊन जा."

"मंग कागद कुठी हाये?"

"कागद... कागद नाही देला."

"पासबुकावर चढले?"

ताकाला जाऊन भांडं लपवतो अन् ते भांडं हातातच दिसते, तशी गत. आत्या चुलीपाशी बसली होती, हात कापसाच्या बोंडानं ओरबाडलेले. तिनं नोटा माझ्या मांडीवर ठेवल्या.

"आतापर्यंत मी सरकारच्या कागदावर निराधार होती. आज तू मले माह्या घरात निराधार केलं."

मी रडलो. खोटं कशाला बोलू, पंचावन्न वर्षांचा माणूस, पडवीत बसून हुंदके देऊन रडलो. सगळं कबूल केलं, की माझ्यामुळं झालं, मेसेज मीच पुसले, खातं मीच उघडलं. ती उठली, कागद आणला, त्यावर लिहिलं की साडेचार हजार रुपये परत मिळाले, अन् म्हणाली, "सही कर. तारीख टाक." माझ्याच पैशांची पोच माझ्याकडूनच घेतली अन् थैलीत ठेवली. मग चहा टाकला. म्हणाली, "वेचणीले माह्याच मर्जीनं जातो. बसून हाडं गोठतात."

त्याच आठवड्यात तिनं दुसरा अर्ज लिहिला, बँकेच्या वरच्या ऑफिसला. सोबत पहिल्या अर्जाच्या पोचेची झेरॉक्स. तेवढ्यापुरता तिनं झेरॉक्सवर भरवसा ठेवला. पाकीट मी डाकघरात टाकलं अन् पावती तिला आणून दिली, कारण आता मला अक्कल आली होती.

संक्रांतीच्या आधी माझ्या फोनवर बँकेचा फोन आला. ह्या वेळी मी उचलला. "माताजी को लेकर आइए."

गेलो. मी दारातच उभा राहिलो, आत्यानं मान हलवल्यावर आत पाय टाकला. कापलेले सगळे पैसे परत खात्यात पडले होते, अन् खातं झिरोचं झालं होतं. मॅनेजरनं पासबुक स्वतः छापून दिलं. आत्यानं ओळ न् ओळ बोट ठेवून पाहिली.

मॅनेजर मला म्हणाला, "ऊपर से पूछा गया कि अर्जी मिलने का शिक्का है, तारीख है, तो जवाब क्यों नहीं दिया. मेरे पास कहने को कुछ था ही नहीं." मग आत्याकडं पाहून म्हणाला, "अगली बार शिक्का सोचकर मारूँगा, माताजी."

"मारजा साहेब," आत्या म्हणाली. "तुमच्यावर माहा राग नाही. तुम्ही तारीख देल्ली."

निघताना त्यानं मला थांबवलं. "आपकी शिकायत मैंने भेजी नहीं थी. माताजी ने जो लिखा था, पढ़कर मन नहीं हुआ."

मी आत्याला विचारलं, काय लिहिलं होतं? ती भाजीच्या दुकानाकडं चालू लागली. घरी गेल्यावर तिनं पासबुक माझ्या हातात दिलं अन् म्हणाली, थैलीत ठेव, पोचेच्या मागं. मी सुतळी सोडली. सगळ्यात वर तीच पोच होती, निळा शिक्का, तारीख. भाच्यानं आधार जोडलं, मला माहीत नव्हतं, ही ओळ होती, पण तिच्यावर सरळ रेघ मारलेली, अन् खाडाखोड म्हणून बाजूला तिची सही. खाली झेरॉक्सच्या दुकानात बसून लिहिलेल्या चार ओळी:

"सदर खाते मी माझ्या मर्जीने उघडले व आधार मीच जोडून घेतले. माझ्या भाच्याचा यात काही संबंध नाही. तो मोठ्याने बोलतो, पण मनाचा वाईट नाही. त्याची नोकरी आहे, तरी साहेबांनी राग धरू नये."

मी त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. तहसीलातल्या बाईनं सांगितलं होतं, तीच ओळ तुमची बाजू भक्कम करते. तिनं तीच खोडली होती. पैसे परत आले नसते तर बोचकं बांधावं लागलं असतं, हे तिला माहीत होतं, अन् माहीत असून खोडली होती. अन् मी टपरीवर चहा पीत होतो.

"आत्या," मी म्हटलं, "आज्यानं सांगितलं होतं न व, अर्जात खोटं लिहायचं नाही म्हणून?"

ती शेवग्याच्या शेंगा मोडत होती. तिनं वर पाहिलंही नाही.

"खोटं काहून? खातं माहं, आधार माहं, भाचा माहा. मंग चूक कोणाची?"